टपाल तिकिटांची छिद्रं: मोजायची कशी, ओळखायची कशी

एकच चित्र, एकच किंमत, रंगही तोच. अशी दोन तिकिटं शेजारी ठेवली तर नवख्या माणसाला ती अगदी सारखी दिसतात. कॅटलॉगमध्ये मात्र त्यांना दोन वेगळे क्रमांक असतात आणि कधीकधी किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. हा फरक बऱ्याचदा चित्रात नसतो, कडेला असतो. कडेच्या छिद्रांमधलं अंतर किती, ती कोणत्या यंत्राने पाडली, कोपऱ्यात त्यांचं काय झालं, यावरून तिकीट कोणत्या छपाईचं हे ठरतं.

नागपुरात धरमपेठ, महाल, इतवारी अशा जुन्या वस्त्यांतल्या कितीतरी घरांत आजोबांचा किंवा मामांचा तिकिटांचा अल्बम कपाटात पडून असतो. तो हाती आला की मुलं आधी देशांप्रमाणे, मग चित्रांप्रमाणे तिकिटं लावतात. ते झाल्यावर पुढे काय, असा प्रश्न पडतो. त्या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर छिद्रण हे आहे, असं माझं ठाम मत आहे. याला पैसे फार लागत नाहीत, साधी वापरलेली तिकिटं चालतात, आणि नजर अशी तयार होते की पुढे कोणी बनावट तिकीट गळ्यात मारायला आला तर ते कडेवरूनच कळतं.

थोडा इतिहास, कारण तो रोज कामाला येतो

मे १८४० मध्ये इंग्लंडात पहिलं टपाल तिकीट, पेनी ब्लॅक, निघालं तेव्हा त्याला छिद्रं नव्हती. २४० तिकिटांचा ताव यायचा आणि पोस्टातला कारकून कात्रीने एकेक तिकीट कापून द्यायचा. हेन्री आर्चर नावाच्या आयरिश माणसाने १८४०च्या दशकाच्या अखेरीला छिद्रं पाडणाऱ्या यंत्राचा ध्यास घेतला. ब्रिटिश सरकारने १८५३ मध्ये ४,००० पौंड देऊन त्याचे हक्क घेतले आणि १८५४ पासून छिद्रांची तिकिटं रीतसर मिळू लागली. छिद्रं असलेल्या पहिल्या पेनी रेडवर, म्हणजे एक पेनीच्या लाल तिकिटावर, १६ ची (२ सेंटिमीटर लांबीत १६) छिद्रं होती. ती इतकी दाट होती की ताव हाताळतानाच फाटायचे, म्हणून १८५५ पासून १४ ची छिद्रं आली. म्हणजे छिद्रांच्या फरकावरून काळ ओळखायचा, ही गोष्ट अगदी सुरुवातीपासूनची आहे.

आपल्याकडे १८५२ चं सिंध डाक आणि १८५४ मध्ये कलकत्त्याला छापलेली अर्धा आणा, एक आणा, दोन आणे आणि चार आण्यांची तिकिटं विनाछिद्र होती. १८५५ च्या अखेरीपासून लंडनच्या डे ला रू कंपनीने छापलेली तिकिटं येऊ लागली, त्यांना १४ ची छिद्रं होती. राणी व्हिक्टोरियाच्या नेहमीच्या भारतीय तिकिटांवर तुम्हाला जवळपास सगळीकडे १४ च मिळेल. त्यामुळे अशा तिकिटाची एखादी बाजू १२ किंवा १३ भरली, तर दुर्मिळ वाण सापडलं म्हणून आनंद करण्याआधी त्या कडेशी कोणी छेडछाड केली आहे का ते बघा. १९२६ पासून भारताची तिकिटं नाशिकच्या छापखान्यात छापली जाऊ लागली आणि तिथून पुढे छिद्रणात विविधता वाढत गेली.

आता कामाला लागू.

पहिली पायरी: सामान

एक बोथट टोकाचा तिकिटांचा चिमटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, काळ्या कार्डशीटचा एक तुकडा, बारीक मिलिमीटर असलेली स्टीलची पट्टी आणि परफोरेशन गेज, म्हणजे छिद्रं मोजायची मापपट्टी, एवढं पुरतं. भिंग, पट्टी आणि कार्डशीट बर्डीवरच्या कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळेल. चिमटा मात्र तिकिटांचाच घ्या. भुवया कोरायचा चिमटा टोकदार असतो आणि त्याने दाते मोडतात.

गेज धातूचं, पुठ्ठ्याचं किंवा पारदर्शक प्लास्टिकचं मिळतं. नवशिक्याने पारदर्शक घ्यावं, कारण ते तिकिटावर ठेवून आरपार बघता येतं आणि पाकिटावर चिकटलेल्या तिकिटाचं मापही घेता येतं. स्टॅन्ले गिबन्स या तिकिटांचे कॅटलॉग काढणाऱ्या इंग्रजी कंपनीचं इन्स्टांटा गेज तिरक्या रेषांचं असतं, तिकीट त्यावर वर-खाली सरकवलं की दशांशात आकडा मिळतो. सुरुवातीला मात्र ठिपक्यांच्या ओळींचं साधं गेज डोळ्याला सोपं जातं.

काही जण इंटरनेटवरून गेज उतरवून घरच्या प्रिंटरवर छापतात. तसं करायचं असेल तर छापल्याबरोबर स्टीलच्या पट्टीने तपासा. गेजवर २ सेंटिमीटर म्हणून दाखवलेली रेषा पट्टीवर बरोबर २० मिलिमीटर भरली पाहिजे. प्रिंटर पान थोडं लहान करून छापतो आणि मग १४ चं तिकीट १३½ भरतं, आणि तुमची सगळी वही चुकते.

दुसरी पायरी: तिकीट मापायला तयार करा

पाकिटाचा कागद मागे चिकटलेला असेल तर तिकीट साध्या पाण्यात भिजवून सोडवा आणि पांढऱ्या टिपकागदावर उपडं ठेवून वाळवा. पूर्ण वाळल्याशिवाय मापू नका, कारण ओला कागद फुगतो आणि तोही सगळ्या दिशांनी सारखा फुगत नाही. वाळल्यावर एक रात्र जाड पुस्तकाखाली दाबून ठेवलं की ते सपाट होतं. वाकलेल्या तिकिटाचं माप खरं येत नाही.

आपल्या हवेचाही विचार करावा लागतो. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ कडे जातो, तेव्हा कोरड्या हवेने डिंकाची बाजू आकसून न वापरलेली तिकिटं नळीसारखी गुंडाळली जातात. ती बोटांनी उलगडू नका, कडक झालेल्या डिंकासोबत कागद चिरतो. तिकीट स्टॉकबुकच्या (तिकिटं खोचायच्या पट्ट्या असलेल्या वहीच्या) पट्टीत अलगद सरकवून आपोआप सैल होऊ द्या. कूलर लावलेल्या खोलीत नेमकी उलटी गत होते, दमट झोताने डिंक ओलसर होऊन तिकीट पानाला चिकटतं. म्हणून मापायचं काम कूलरच्या समोर नको. पहाटे किंवा रात्री कूलर बंद करून बसा. पावसाळ्यात स्टॉकबुक आडवी रचून ठेवू नका, उभी ठेवा.

पाकीट जुनं असेल, विशेषतः १९४७ च्या आधीचं आणि त्यावर नागपूर, कामठी, वर्धा असा स्वच्छ शिक्का असेल, तर तिकीट सोडवूच नका. ते पाकीट अख्खंच ठेवायचं असतं. पारदर्शक गेज वरून ठेवून माप घ्या.

तिसरी पायरी: आकडा काढा

पॅरिसचे डॉ. लेग्रां यांनी १८६६ च्या सुमारास एक सोपी रीत सांगितली: २ सेंटिमीटर लांबीत किती छिद्रं बसतात ते मोजायचं. तीच आजही जगभर चालते. ‘पर्फ १४’ म्हणजे २० मिलिमीटरमध्ये १४ छिद्रं. तिकिटाच्या एका बाजूला एकूण किती छिद्रं आहेत, त्याच्याशी या आकड्याचा संबंध नाही. नवीन मुलांचा गोंधळ इथेच होतो: ते कडेची सगळी छिद्रं मोजतात आणि तोच आकडा लिहितात.

तिकीट काळ्या कार्डशीटवर ठेवा, म्हणजे पांढरे दाते ठसठशीत दिसतील. गेज त्यावर ठेवून एकेका ओळीशी जुळवून बघा. पहिला ठिपका पहिल्या छिद्रात नेमका बसला पाहिजे आणि तिथून कडेच्या दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक ठिपका आपापल्या छिद्रात बसत गेला पाहिजे. सुरुवातीची चार-पाच छिद्रं तर जवळच्या दोन-तीन ओळींशी जुळल्यासारखी वाटतात, खरा निर्णय शेवटच्या तीन-चार छिद्रांत होतो. डोळा बरोबर वर ठेवा. बाजूने पाहिलं की ठिपके सरकलेले दिसतात.

गेज हाताशी नसेल किंवा दोन ओळींमध्ये मन डळमळत असेल, तर पट्टीने हिशेब करा. समजा, एका उभ्या बाजूवर १६ छिद्रं दिसतात. पहिल्या छिद्राच्या मध्यापासून सोळाव्या छिद्राच्या मध्यापर्यंतचं अंतर भिंगातून बघून घेतलं, ते २१.४ मिलिमीटर भरलं. १६ छिद्रांमध्ये अंतरं १५. आता १५ ला २० ने गुणा, आले ३००. त्याला २१.४ ने भागा, उत्तर १४.०२. म्हणजे ही बाजू १४ ची. हेच अंतर २०.७ असतं तर उत्तर साडेचौदाच्या जवळ गेलं असतं. पंधरा अंतरांमागे सगळा फरक ०.७ मिलिमीटरचा आहे. एका छिद्रापासून दुसऱ्यापर्यंत बघितलं तर १४ मध्ये १.४३ आणि १४½ मध्ये १.३८ मिलिमीटर, जो नुसत्या डोळ्याला कळणं शक्य नाही. म्हणूनच शक्य तितकी लांब कड मापायची.

वरची-खालची बाजू एकदा आणि उभी बाजू एकदा, अशा दोन्ही दिशा मापा. दोन्ही सारख्या असतील तर एकच आकडा लिहितात. वेगळ्या असतील तर आधी आडव्या कडेचा आणि मग उभ्या कडेचा आकडा लिहायचा: १३½ × १४. चित्र सरळ, वाचता येईल असं धरायचं, ही अट आहे. आडव्या चित्राचं तिकीट उभं धरून मापलं तर आकडे उलटे होतात आणि कॅटलॉगमध्ये नसलेलं वाण सापडल्याचा भास होतो. चारही बाजू वेगवेगळ्या असतील, तर वरच्या बाजूपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे लिहीत जायचं.

चाळीस-पन्नास साधी तिकिटं अशी मापून झाली की हात बसतो. वहीत प्रत्येकाची एक ओळ लिहा: देश, वर्ष, किंमत, आडवी, उभी, कोपरा कसा, शेरा. ‘कोपरा कसा’ हा रकाना का, ते पुढे येतं.

एक सावधगिरी इथेच सांगतो. पाव अंशाच्या फरकाला भुलू नका. छपाईच्या वेळी कागद ओला-कोरडा होतो, नंतर भिजतो-वाळतो, त्यामुळे एकाच तावातली दोन तिकिटंही किंचित वेगळी भरतात. कॅटलॉगही एकसारखे नसतात. स्टॅन्ले गिबन्समध्ये आकडे अर्ध्यापर्यंत दिलेले असतात, जर्मन मिशेलमध्ये पावापर्यंत. एका कॅटलॉगात १३½ आणि दुसऱ्यात १३¾ दिसलं तर ती दोन वाणं असतीलच असं नाही. एक कॅटलॉग धरा आणि त्याच्याच पद्धतीने लिहा.

चौथी पायरी: कोपरा वाचा

आकड्याने अर्धंच काम होतं. छिद्रं कोणत्या यंत्राने पाडली, हे कोपरा सांगतो, आणि मला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे.

पहिली रीत सरळ रेषेची, म्हणजे लाइन छिद्रण. यंत्र एका वेळी एकच ओळ पाडतं. आधी सगळ्या आडव्या ओळी, मग ताव फिरवून सगळ्या उभ्या. आडवी आणि उभी ओळ जिथे एकमेकींना छेदतात तिथे छिद्रं कशी पडतील यावर कोणाचा ताबा नसतो. कुठे दोन छिद्रं एकमेकांवर चढतात, कुठे बाजूबाजूला पडून मोठं वेडंवाकडं भोक होतं, कुठे मध्ये कागदाचा जाड गोळा उरतो. त्यामुळे सुट्या तिकिटाचे चारही कोपरे चार तऱ्हांचे दिसतात: एक दाता रुंद, दुसरा सुईसारखा, तिसरा जवळपास गायब. शिवाय ओळींमधलं अंतर प्रत्येक वेळी थोडं बदलत असल्याने एकाच छपाईची तिकिटं आकारानेही लहान-मोठी निघतात. दोन तिकिटं एकावर एक ठेवून काळ्या कार्डावर पाहिली की हे चटकन कळतं.

दुसरी रीत फणीची, म्हणजे कोंब छिद्रण. या यंत्रात सुयांची मांडणी फणीसारखी असते. एक लांब आडवी ओळ आणि तिच्यापासून निघालेल्या आखूड उभ्या ओळी. एका फटक्यात एका रांगेतल्या सगळ्या तिकिटांच्या तीन बाजू पडतात आणि पुढच्या फटक्यात चौथी बाजू पूर्ण होते. इथे कोपऱ्यात एकच स्वच्छ छिद्र येतं आणि चारही कोपऱ्यांचे दाते सारखे दिसतात. कधी पुढचा फटका थोडा अलीकडे किंवा पलीकडे बसतो. मग उभ्या कडेवर, आखूड ओळ जिथे संपते तिथे, एकच दाता बाकीच्यांपेक्षा जाड किंवा बारीक राहतो. भिंगातून कड वरपासून खालपर्यंत बघत जा, असा एक वेगळा दाता नेहमी त्याच जागी सापडत असेल तर ती फणी आहे.

तिसरी रीत, हॅरो, यात पूर्ण तावाची किंवा मिनिएचर शीटची (एक-दोन तिकिटांच्या छोट्या तावाची) सगळी छिद्रं एकाच फटक्यात पडतात. कोपरे फणीसारखेच नीट असतात. सुट्या तिकिटावरून फणी आणि हॅरो यांत फरक करणं जवळपास अशक्य आहे, त्यासाठी ताव किंवा निदान कडेचा समास लागतो. नवशिक्याने या दोघांत डोकं घालू नये. लाइन की फणी, एवढं खात्रीने सांगता आलं तरी मोठी मजल झाली.

सराव करायचा तर सुट्या तिकिटावर करू नका, चौकटीवर करा. चार जोडलेल्या तिकिटांच्या चौकटीत मधोमध एक छेद असतो आणि तिथेच सगळं दिसतं. सिव्हिल लाइन्समधल्या नागपूर जीपीओत फिलाटेलिक ब्युरो आहे. तिथे नवीन निघालेली तिकिटं छापील किमतीत मिळतात. पाच रुपयांच्या तिकिटाची समासासह चौकट घेतली तर वीस रुपयांत अभ्यासाचं साहित्य हाती येतं. समास मुद्दाम मागून घ्या. छिद्रांची ओळ समासात किती आत जाते, एकच छिद्र जातं की पार कडेपर्यंत, हे यंत्र आणि तावाची बाजू ओळखायला फार उपयोगाचं असतं.

पाचवी पायरी: छिद्रांच्या इतर जाती

यातल्या बऱ्याच जाती एकदा बघितल्या की विसरत नाहीत, म्हणून थोडक्यात सांगतो.

रूलेटमध्ये कागद काढून टाकलेला नसतो, नुसते बारीक चिरे पाडलेले असतात. सरळ चिरे, नागमोडी चिरे, टोचलेले ठिपके असे त्याचे प्रकार आहेत. फाडल्यावर कड केसाळ दिसते, गोल खाचा दिसत नाहीत.

गुंडाळीतल्या म्हणजे कॉइल तिकिटांना समोरासमोरच्या दोनच बाजूंना छिद्रं असतात, बाकीच्या दोन सपाट. पुस्तिकेतल्या तिकिटाला एक किंवा लगतच्या दोन बाजू सपाट असू शकतात. अमेरिकेच्या अल्बममध्ये अशी तिकिटं भरपूर मिळतील. सपाट बाजू बघून ‘फाटकं’ म्हणून टाकून देऊ नका.

नेदरलँड्सने १९२०-३० च्या दशकांत काही तिकिटांच्या कडेची ठरावीक छिद्रं मुद्दाम गाळली होती, यंत्रातून तिकीट सुटताना गुंडाळी मजबूत राहावी म्हणून. कडेवर मध्येच रुंद दाते दिसतात. ब्रिटनने १९९३ पासून नेहमीच्या तिकिटांच्या उभ्या कडांवर एकेक लंबगोल छिद्र आणलं, ते बनावटगिरी रोखण्यासाठी. स्वतः चिकटणाऱ्या तिकिटांचे लाटेसारखे दाते ही छिद्रं नसतातच, साच्याने कापलेली कड असते. तिच्यावर गेज लावता येतं, पण वहीत ‘साच्याने कापलेली’ अशी नोंद हवी.

आणि तिकिटाच्या मधोमध, चेहऱ्यावरच, छिद्रांनी अक्षरं काढलेली दिसली तर ते पर्फिन. कंपन्या आणि बँका आपल्या तिकिटांची चोरी होऊ नये म्हणून स्वतःची आद्याक्षरं टोचून घेत. इंग्लंडात ही पद्धत १८६८ पासून आहे, आणि व्हिक्टोरिया ते जॉर्ज सहावा या काळातल्या भारतीय तिकिटांवर अशी अक्षरं पुष्कळ सापडतात. बरेच जण भोकं पडलेलं तिकीट म्हणून ते बाजूला काढतात. काढू नका. उलटं करून काळ्या कार्डावर ठेवा आणि अक्षरं वाचा. त्यांचा वेगळा संग्रह होतो.

सहावी पायरी: चूक, दोष आणि लबाडी

खूप जणांना छिद्रणाची ओढ लागते ती चुकीच्या तिकिटांमुळे, आणि फसवणूकही इथेच होते. म्हणून या पायरीवर घाई नको.

आंधळं छिद्र म्हणजे सुई बोथट झाल्याने कागदावर गोल ठसा उमटला, पण कागदाची टिकली पडली नाही. पालथ्या बाजूने तिरपा उजेड टाकला की ठसा दिसतो. ही किरकोळ गोष्ट आहे. छिद्रं सरकून चित्रावर आली असतील तर ती सरकलेली छिद्रं. थोडी सरकलेली सर्रास मिळतात आणि त्यांना फार भाव देऊ नये. किमतीचा आकडाच दुसऱ्या बाजूला गेला असेल, तर ते जपण्यासारखं. दुहेरी छिद्रणात एकाच कडेवर दोन ओळी थोड्या अंतराने पडलेल्या असतात. दोन तिकिटांच्या मध्ये छिद्रंच नसतील आणि बाहेरच्या चारही बाजूंना असतील, तर ती मधली ओळ चुकलेली जोडी. ती अर्थातच जोडीतच सिद्ध होते.

चारही बाजू विनाछिद्र असलेली चूक सगळ्यात जास्त विकली जाते आणि सगळ्यात जास्त बनवलीही जाते. छिद्रांच्या तिकिटाच्या कडा कापल्या की झालं विनाछिद्र. म्हणून नियम सोपा आहे: मुळात छिद्रांसह निघालेलं तिकीट विनाछिद्र म्हणून कोणी सुटं विकत असेल, तर घेऊ नका. जोडी मागा. सुटंच असेल आणि बघायचंच असेल, तर त्याच जातीचं छिद्रांचं साधं तिकीट त्यावर ठेवा. खऱ्या विनाछिद्र तिकिटाचा समास छिद्रांच्या तिकिटाच्या दात्यांच्या टोकापलीकडे सगळ्या बाजूंनी जायला हवा. आत राहिला तर कात्री चाललेली आहे.

याची उलटी लबाडी म्हणजे नव्याने छिद्रं पाडणं. सपाट कडेच्या तिकिटाला किंवा कापलेल्या कडेला पुन्हा दाते काढतात. भिंग घ्या आणि दात्याचं टोक बघा. खरं तिकीट शेजारच्यापासून फाडून वेगळं केलेलं असतं, त्यामुळे दात्याच्या टोकाला कागदाचे बारीक तंतू लोंबतात आणि टोक थोडं खडबडीत असतं. नव्याने पाडलेल्या कडेची टोकं सपाट, एका रेषेत कापल्यासारखी असतात. छिद्रांच्या कडा बाकीच्या तीन बाजूंपेक्षा ताज्या आणि धारदार दिसतात. समोरच्या बाजूशी माप जुळतं का ते बघा, आणि दोन्ही कडा समांतर आहेत का तेही. ज्या कडेचा संशय आहे तिच्यावर वापराचा शिक्का कसा संपतो, हाही पुरावा असतो. शिक्क्याची शाई दात्यावरून शेजारच्या तिकिटावर किंवा पाकिटावर गेलेली असायला हवी, दात्याच्या आधीच ती थबकत नाही.

लोक वापरताना कात्रीने तिकिटं कापतात, तेव्हा दात्यांची टोकं सपाट होतात हेही खरं. त्यामुळे एका खुणेवरून निकाल देऊ नका. दोन-तीन खुणा एकाच बाजूला बोट दाखवत असतील तेव्हाच ठरवा.

कुठून सुरुवात करावी

पहिलं नाव घेईन ते १९७९ पासून निघालेल्या शेती आणि विकास या विषयांवरच्या आपल्याच नेहमीच्या तिकिटांचं. ती वर्षानुवर्षं छापली गेली, त्यामुळे काही किमतींची एकाच चित्राची तिकिटं वेगवेगळ्या छिद्रणात सापडतात, काही १३ च्या जवळची तर काही १४ च्या जवळची. कोंबडीची पिल्लं, दुधाचा धंदा, संकर कपाशी अशी चित्रं त्यात आहेत. कापसाच्या आपल्या मुलखात ते कपाशीचं तिकीट जुन्या पत्रव्यवहारात हमखास हाताशी येतं. इतवारी-गांधीबागेतल्या जुन्या पेढ्यांच्या फायली रद्दीत निघतात, तिथे अशी तिकिटं पाकिटांसकट मिळतात. शंभरेक एकाच किमतीची गोळा करा, मापा, ढीग पाडा. जलचिन्ह आहे की नाही तेही सोबत बघा, कारण या मालिकेत दोन्ही गोष्टी मिळूनच वाण ठरतं.

दुसरं, संस्थानांची तिकिटं. त्रावणकोर संस्थानाच्या १९३०-४० च्या दशकांतल्या तिकिटांत ११, १२, १२½ अशी छिद्रं आणि त्यांची मिश्रणं सापडतात, एका बाजूला ११ तर दुसऱ्या बाजूला १२ अशीसुद्धा. चारही बाजू का मापायच्या, हे शिकायला यांच्याइतकं चांगलं साहित्य नाही आणि साधी वाणं स्वस्तही असतात. भोपाळची तिकिटं छिद्रांसह आणि विनाछिद्र दोन्ही तऱ्हांची आहेत. आपल्या जुन्या मध्य प्रांतातल्या नांदगाव संस्थानाची, म्हणजे आजच्या राजनांदगावची, १८९१ ची तिकिटं विनाछिद्र आहेत. भोपाळ आणि नांदगाव मात्र नवख्या माणसाने जाणकाराला दाखवल्याशिवाय विकत घेऊ नयेत.

तिसरं, अमेरिकेची १९०८ ते १९२२ ची वॉशिंग्टन-फ्रँकलिन मालिका. एक सेंटच्या हिरव्या वॉशिंग्टनचं तोंड तेच, आणि छिद्रं १२ ची, १० ची, ११ ची, शिवाय कॉइल वेगळी. जुन्या अल्बममध्ये ही तिकिटं मूठमूठभर असतात. हाताला सवय झाल्यावरच इकडे वळा, कारण छिद्रं बनवून घातलेली तिकिटंही याच मालिकेत फार आहेत.

१५ ऑगस्ट १९४८ ची गांधीजींची चार तिकिटं स्वित्झर्लंडच्या कुर्व्हॉझियरने छापली, त्यांची छिद्रं ११½ ची. सेवाग्राम जवळ असल्याने आपल्याकडे ती प्रत्येकाला हवी असतात आणि दहा रुपयांच्या तिकिटाच्या नकला फिरत असतात. कोणी दाखवलं तर पहिल्यांदा गेज लावा. ११½ नसेल तर पुढे बघायची गरजच नाही. ११½ भरलं तरी त्याने एवढंच कळतं की तिकीट पहिल्या चाळणीतून पार झालं. छपाई आणि कागद जाणकाराकडून तपासून घ्यायचेच.

अल्बममध्ये लावताना छिद्रणाची वाणं शेजारी शेजारी, काळ्या पार्श्वभूमीवर लावा. प्रत्येकाखाली पेन्सिलने आडवी × उभी आणि लाइन की फणी एवढं लिहा. तिकिटाच्या मागे काही लिहू नका, पेन्सिलनेही नाही. दात्यांना धक्का लागू नये म्हणून हिंजऐवजी (डिंक लावलेल्या कागदी पट्टीऐवजी) पारदर्शक माउंट, म्हणजे तिकीट सरकवायचं पाकीट, वापरा, आणि माउंट तिकिटापेक्षा दोन मिलिमीटरने मोठा कापा. घट्ट माउंटमध्ये सरकवताना कोपऱ्याचा दाता आधी वाकतो, आणि ओळख पटवायला तोच हवा असतो.